वाफेवरचं दुपटं

"काकू, मान जरा खाली! आज माझी आई पडद्यावर येणारे!" टकळीने पुढच्या बाईला दटावलं.

टकळी म्हणजे सुईणीची लेक. तोंडाला कुलूप नाही, म्हणून गल्लीने हेच नाव ठेवलं होतं. शेजारी आई, ठेवणीतली शाल पांघरून. पलीकडे शेजारची वहिनी, दिवस भरत आलेली. तिची आधीची दोन्ही पोरं आईच्याच हातावर झाली होती.

मागच्या वर्षी चष्मेवाले साहेब सिनेमाचं यंत्र घेऊन घरी आले होते. "बाई, तुमचं काम जगाला दाखवायचंय. खरंखुरं, नाटक नाही." बाळ नव्हतं, म्हणून त्यांनी बाहुली दिली. आई म्हणाली, "अहो, आधी दुपटं वाफेवर शेकायचं. बाळ मग."

"असू द्या हो, दुपटं बाहुलीसकटच वाफेवर धरा. छान दिसतंय."

आता अंधार झाला. पडद्यावर आई! ओठ हलत होते; मूकपटच तो, आवाज अर्थातच नव्हता. मग अक्षरं आली.

"काय लिहिलंय गं? वाच की," आई कुजबुजली. तिला अक्षरओळख नव्हती.

लिहिलं होतं : चेटकीण तान्हं बाळ शिजवते.

टकळीची जीभ जन्मात पहिल्यांदा टाळूला चिकटली. "लिहिलंय... ही सुईण बाळाला ऊब देते."

आई खुशीत हसली. "मोठ्यानं वाच. ऐकू दे सगळ्यांना."

"ही सुईण बाळाला ऊब देते!"

मागून कुणीतरी खो खो हसलं. "ऊब? शिजवते म्हण! चेटकीण आहे ती!"

थिएटरभर हशा उसळला. आई पडद्याकडे नाही, टकळीकडे बघत राहिली. वहिनी पोट सावरत उठली.

"वहिनी, तुम्हाला तर माहितीये ना, आधी दुपटं..."

"मला बरं वाटत नाहीये," म्हणत ती निघूनही गेली.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तो साहेब परका. तुला तर मी शाळेत घातलं."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"खरं वाचलं असतंस, तर उभी राहून सांगितलं असतं मी सगळ्यांना. मी तर हसत बसले."

तो चित्रपट चार दिवसांत उतरला. पुढे कुणाला आठवलाही नाही. गल्लीला तेवढा आठवला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी भिंतीपलीकडे वहिनी कण्हू लागली. आईने पाणी तापत ठेवलं, हात कोपरापर्यंत धुतले, दुपटं वाफेवर धरलं. दार वाजलं ते शेजारचं. कुणी दुसरीच सुईण आली होती.

वहिनीचं कण्हणं थांबलं, पण बाळाचं रडणं काही ऐकू येईना.

"पाठ चोळ गं त्याची," आई भिंतीला म्हणाली. "जोरात चोळ."

मग टॅहँ ऐकू आलं.

"रडलं," आई म्हणाली. आईने दुपटं वाफेवरून काढलं आणि गरम होतं तोवरच त्याची घडी घातली.