सामाईक फाइलची शेवटची ओळ

त्याने नव्या मुलीला खुर्चीवरून उठवलं आणि तिच्याच कीबोर्डवर खटाखट टाइप केलं. पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: कमांड नॉट फाउंड. फायलींची साधी यादी मागितली तरी यंत्र म्हणे, असली कमांडच नाही.

"काल सगळं नीट चालू होतं. आज तू बसलीस आणि बंद!" साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "बाईंना सांगून आलोय मी, हिला सर्व्हरवर बसवायची घाईच झाली."

मुलगी बाजूला सरून पडद्याकडे बघत राहिली. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे केबिनमधल्या बाई आजच ठरवणार होत्या, आणि त्यात शब्द चालणार होता तो याचाच. इथला सर्वांत जुना माणूस ना!

तोंडसुख घेऊन झाल्यावर तो कामाला लागला. कमांडचा पूर्ण पत्ता टाइप केला, तर ती मुकाट चालली. म्हणजे कमांड जागेवरच होती. ती कुठे कुठे शोधायची, याची यंत्राकडची यादी बिघडली होती. ही यादी सर्वांच्या सामाईक फाइलमध्ये असते आणि यंत्र ती फक्त लॉगिन करताना वाचतं. त्याने ती उघडली.

"बघू या, काय दिवे लावलेत ते."

शेवटच्या ओळीत एका नव्या फोल्डरचा पत्ता होता. तो जुन्या यादीला जोडायचा सोडून कोणीतरी अख्खी यादी पुसून तेवढाच लिहिला होता. पुढे कालची तारीख आणि नावाची आद्याक्षरं. बदल करणाऱ्याने ती लिहायचीच, हा नियम त्यानेच घालून दिलेला. आद्याक्षरंही त्याचीच होती.

त्याचे कान तापले. बाकीचे कालपासून लॉगिन तसंच ठेवून बसलेले, म्हणून त्यांचं जुन्या यादीवर भागत होतं. आज नव्याने लॉगिन केलं ते फक्त हिने. आद्याक्षरं खोडायला त्याचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. दोन सेकंदांचं काम, कोणाला पत्ताही लागला नसता.

"मला सकाळीच दिसली होती ती ओळ," मुलगी मागून हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच तर शिकवलंत मला सगळं. कसं सांगणार? चूक माझीच म्हणून बाईंची माफी मागून आले."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बटणावरचं बोट काढून तो उठला आणि केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"झालं दुरुस्त?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आधी येऊन बघा. तिथे माझं नाव आहे."