प्रवासाचं कारण

विम्याच्या अर्जातल्या 'प्रवासाचं कारण' या रकान्यात मी 'पर्यटन' असं लिहिलं आणि त्याच दुपारी अक्काच्या डोक्याच्या एमआरआयमध्ये एक तळं दिसू लागलं.

मी फिल्म खिडकीच्या काचेला लावून पाहिली. लहान मेंदू असतो तिथं पाणी होतं, काठाला झाडं होती. डाव्या कानामागे, जिथं गाठ होती, तिथं एक बेट होतं. मी पट्टी लावली. तेवीस मिलिमीटर. गाठही तेवीस मिलिमीटरचीच होती, त्यामुळे फिल्म बदलली गेली नसल्याची माझी खात्री पटली. मी ती पाकिटात घालून ठेवली.

औषधं तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काम करते. लेबलवर जे लिहिलंय तेच बाटलीत आहे का, एवढंच आम्ही पाहतो.

अर्ज सकाळी भरला होता. आमच्या सोसायटीतले हर्डीकर विम्याचं काम करतात. त्यांनी टेबलावर दोन अर्ज ठेवले.

"हा उपचारासाठी परदेशी जाणाऱ्यांचा. यात ऑपरेशननंतरची गुंतागुंत येते, दवाखान्यातले वाढीव दिवस येतात, सोबतच्या माणसाचं परतीचं तिकीट येतं. पण आजार आधीपासूनचा, म्हणजे कंपनीचे डॉक्टर सगळे कागद बघणार. तीन आठवडे धरा."

"ऑपरेशन बाराव्या दिवशी आहे."

"मग हा. ग्रुप टूरचा. एका टूरवाल्याच्या यादीत तुमची दोन नावं घुसवतो, उद्या कागद हातात. पाय मुरगळला, बॅग हरवली, विमान चुकलं, सगळं येतं. फक्त माहीत असलेलं दुखणं घेऊन गेलात तर ते येत नाही."

"आम्ही माहीत असूनच चाललोय."

"मॅडम, ते मला कशाला सांगताय? सगळे पर्यटनच लिहितात. लोक गुडघे बदलून आलेत पर्यटनात."

ऑपरेशनची तारीख सात महिन्यांनी मिळाली होती. ती तीन आठवडे पुढे ढकलता येईल का, असं मी तिथल्या सर्जनबाईंना विचारू शकले असते. विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, की आधी कान जाईल, मग चेहऱ्याची डावी बाजू, मग गिळणं. गिळणं गेलं की त्या हात लावणार नव्हत्या.

"वैजू, खरं खरं लिहिलंस ना गं?" अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. ती डाळ धूत होती.

"हो."

"तुला काय विचारायचं म्हणा. चहात साखरसुद्धा तोलून घालतेस."

तिचे हात ओले होते, म्हणून तिची सहीही मीच केली.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर तिनं सांगलीच्या शाळेत नोकरी धरली आणि मला एमएस्सीपर्यंत शिकवलं. एकतीस वर्षं ती भूगोल शिकवत होती. गोव्यापलीकडे ती कधी गेली नव्हती.

विमानतळावर केशरी टोप्या घातलेली अडतीस माणसं आमची वाट बघत होती. टूर लीडरचं नाव टिल्लू. त्यांनी आमच्या डोक्यांवर टोप्या ठेवल्या.

"एकतीस आणि बत्तीस! या, या. तुमच्यासाठी चिवड्याची पाकिटं अडकून पडलीयेत."

"आम्ही तुमच्याबरोबर नाही," मी म्हणाले. "फक्त विमा तुमच्या यादीतून आहे."

"यादीत आहात म्हणजे आमच्यातच की. कुंभोजकर सुमित्रा, कुंभोजकर वैजयंती. कारण पर्यटन. आता रुसून कसं चालेल?"

"चल की गं," अक्का म्हणाली. "चार दिवस आहेत मधे. माणसांत बरं वाटतं."

दोन वर्षांपासून अक्का डावीकडे झुकून चालते. गाठीमुळे तोल जातो. त्या शहरात उतरल्यावर मात्र ती ज्या बाजूला झुकायची तिथं काहीतरी बघण्यासारखं असायचंच. आधी एक घुमट होता, मग कारंजं, मग पुलाखालचे राजहंस. लोकांना वाटायचं ती वाकून बघतेय. "बाईंची नजर बघा," टिल्लू म्हणायचे, आणि चाळीस टोप्या डावीकडे वळायच्या.

सोमवारी संध्याकाळी बसमध्ये माइक फिरला. सगळ्यांनी ओळख करून द्यायची होती. अक्का उभी राहिली.

"मी या नदीची लांबी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिली," ती म्हणाली. "दर वर्षी बरोबर लिहिली. पण पाणी हिरवं असतं हे पुस्तकात नव्हतं हो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती आजारी पडल्यापासून एवढं बोलली नव्हती. क्षणभर मला वाटलं, मी लिहिलेलं फार चुकलेलं नाही. हा विचार मी लगेच मागे घेतला, पण तो येऊन गेला होता.

मंगळवारी सकाळी मी तिला टॅक्सीत घालून रुग्णालयात न्यायला निघाले. भरती त्याच दिवशी व्हायचं होतं. ड्रायव्हरनं पत्ता वाचला, मग आमचं विम्याचं कार्ड मागून घेतलं, तेही वाचलं, आणि आम्हाला किल्ल्यावर सोडलं. दुसऱ्या टॅक्सीनं पुन्हा किल्ल्यावर सोडलं. दुपारी आम्ही नकाशा घेऊन चालत निघालो. रुग्णालय आठशे मीटरवर होतं. मी पावलं मोजत होते. दोन हजार पावलांनंतर रस्ता चढू लागला आणि एका कठड्यापाशी संपला. तिथं दुर्बीण बसवलेली होती. दुर्बिणीतून रुग्णालय दिसत होतं.

"केवढं स्वच्छ आहे," अक्का म्हणाली. "ते का गं आपलं?"

"हो."

"मग आज नको. आज पाय दुखले. उद्या जाऊ."

रात्रीच्या जेवणाला तिला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं.

बुधवारच्या कार्यक्रमात दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं: रुग्णालय, बाहेरून. बस दारापाशी थांबली. मी अक्काचा हात धरून आत शिरले. टोप्या आमच्या मागोमाग आल्या. खिडकीमागच्या मुलीनं विचारलं, किती जण?

"या पेशंट आहेत," मी म्हणाले. "उद्या आठ वाजता यांचं ऑपरेशन आहे. हे सर्जनबाईंचं पत्र."

तिनं पत्र उलटसुलट केलं. त्यावर फक्त लिहिलं होतं: गुरुवारी आठ वाजता, अवश्य या. मी पाकिटातून फिल्म काढून दिली. तिनं ती दिव्यासमोर धरली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "बेटावर जाता येतं?"

अक्कानं माझ्या खांद्यावरून पाहिलं. "विचार की तिला, होडी किती वाजता असते."

"अक्का, ते तुझं डोकं आहे."

"असू दे. होडीचं विचार."

तेव्हा मला तिच्या तोंडाचा डावा कोपरा दिसला. ती हसत होती आणि तो हलत नव्हता. टिल्लूंनी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करून फोटो काढला आणि मला दाखवला. फोटोत अक्का पूर्ण हसत होती.

परत बसमध्ये चढल्यावर मी ठरवलं, तिला सांगायचं. ती शेवटच्या लांब बाकावर मधोमध बसली होती. तिच्या उजवीकडची जागाही रिकामी होती. मी डावीकडे बसले.

"अक्का," मी म्हणाले, "मी अर्जावर खोटं लिहिलं. उपचारासाठी चाललोय असं लिहायला हवं होतं. तुझी सही मी केली. म्हणून हे लोक तुला आत घेत नाहीयेत. तारीख पुढे ढकलून घेता आली असती. मी विचारलंही नाही."

सगळं नीट, क्रमानं सांगितलं. बसमध्ये भेंड्या चालू होत्या.

अक्का थोड्या वेळानं माझ्याकडे वळली. "बोललीस का काही?"

"नाही."

"मला वाटलं बोललीस."

दुपारी बागेत श्रीखंडपुरीचं जेवण होतं. दुसऱ्याच घासाला अक्काला ठसका लागला. तो थांबेना. मी तिची पाठ चोळत होते. तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि श्रीखंड तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळत होतं.

"कोण आठवण काढतंय एवढी सांगलीत?" टिल्लू म्हणाले. लोक हसले. अक्कानंही हात हलवून हसल्यासारखं केलं.

मी टिल्लूंना बाजूला नेलं. अर्जात चूक आहे, दुरुस्त करायची आहे, असं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते बरेच म्हातारे दिसत होते. पिशवीतून त्यांनी आमचा मूळ अर्ज काढला.

"दुरुस्ती होते. कुणाचं कारण बदलायचं?"

"अक्काचं."

"मग त्यांनी माझ्यासमोर सही करायची. आणि आधी काय लिहिलं होतं, कुणी लिहिलं होतं, का लिहिलं होतं, हे तुम्ही त्यांना वाचून दाखवायचं. उजव्या बाजूनं."

मी अक्काकडे पाहिलं. ठसका थांबला होता. शेजारच्या बाई तिला चमच्यानं पाणी देत होत्या आणि ती त्यांना समोरच्या डोंगराचं नाव सांगत होती. तिनं बोट डोंगराच्या जरा डावीकडे दाखवलं होतं.

"आणि माझं कारण?" मी विचारलं.

"तुमचं तुम्ही केव्हाही बदला. तुम्हाला कुणाला वाचून दाखवायला लागणार?"

मी हिशेब केला. पेशंट असेल त्याला रुग्णालयात घेतात. पेशंटबरोबर सोबतीचं माणूस आत जातं. मी पेशंट झाले तर अक्का सोबतीचं माणूस म्हणून आत येईल. एकदा आत आलो, की सर्जनबाईंना सगळं सांगता येईल. पायऱ्या बरोबर होत्या. मी दोनदा तपासल्या. यात अक्काला काहीच वाचून दाखवावं लागत नव्हतं, ही गोष्ट मी पायऱ्यांमध्ये धरली नाही.

माझ्या नावापुढचं 'पर्यटन' मी खोडलं, वर 'नियोजित उपचार' लिहिलं आणि सही केली. टिल्लूंनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. बागेच्या फाटकातून रुग्णालय दिसू लागलं. आता ते खरंच आठशे मीटरवर होतं.

"अक्का, आता चल," मी म्हणाले. या वेळी उजवीकडून. "मला दवाखान्यात जायचंय. सोबतीला माणूस लागतं."

"तुला काय झालं?"

"काही नाही. तू चल."

"अगं, उद्या आतून दाखवणार आहेत म्हणे. टिल्लूंनी चाळीस तिकिटं काढलीत. आपण तिथंच भेटू की." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "आणि टोपी कुठं गेली तुझी? ऊन लागेल."

फाटकापाशी दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन उभी होती. त्यांनी माझं नाव वाचलं आणि मला बसवलं. पोचायला अकरा मिनिटं लागली. मनगटावर पट्टी बांधली गेली. रात्री मला उपाशी ठेवलं. सकाळी कानामागचे केस काढले, डाव्या बाजूचे.

ऑपरेशनच्या खोलीत सर्जनबाई दिव्याच्या चौकटीवर फिल्म लावून बघत होत्या. फिल्ममध्ये तळं नव्हतं. कवटी होती, मेंदू होता, गाठ होती. खाली माझं नाव होतं.

"ही गाठ माझ्या बहिणीची आहे," मी म्हणाले.

"विमा तुमचा आहे."

"तिचं गिळणं कालपासून बिघडलंय. आज झालं नाही तर पुन्हा होणार नाही. ती बाहेर आहे."

"बाहेर बरेच लोक आहेत," सर्जनबाई म्हणाल्या. "ऐकू कमी कधीपासून येतंय?"

मी तारीख सांगितली. मला ती पाठ होती. झुकून चालणं कधी सुरू झालं तेही सांगितलं. गाठ कोणत्या वर्षी किती मिलिमीटर होती, तेही. सगळी उत्तरं बरोबर होती. त्यांनी ती एकेक करून लिहून घेतली आणि निळ्या पेनानं माझ्या कानामागे एक गोल काढला.

खोलीची एक भिंत काचेची होती. काचेपलीकडे केशरी टोप्या ओळीनं उभ्या राहिल्या. अक्काला सगळ्यांनी पुढे घेतलं. एका बाईनं तिला मागून धरलं होतं. ती डावीकडे झुकली आणि मला शोधू लागली. मी हात वर करायला गेले, तो पट्ट्यानं बांधलेला होता. मी तिला हाक मारली आणि जे वाचून दाखवायला हवं होतं ते पहिल्या रकान्यापासून सांगू लागले, तिचं नाव, वय, प्रवासाचं कारण. काच जाड होती. अक्कानं मान हलवली, ऐकू येत नाही असं दाखवलं, आणि तोंडाच्या उजव्या बाजूनं हसली.

मी बोलत राहिले. काचेवर वाफ धरू लागली. अक्का पदरानं पुसू लागली. पुसायची, झुकून बघायची, पुन्हा पुसायची. खोली फार थंड होती, आणि त्या हिशेबानं वाफ त्यांच्या बाजूनं धरायला हवी होती. ती माझ्या बाजूनं होती.