न लागलेला चटका

मास्तरांची टाच दुखते यावर कारखान्यात आधी कुणाचा विश्वासच बसेना. शिवणाच्या त्या कारखान्यात हा माणूस अठ्ठावीस वर्षं कापणीच्या लांब टेबलाशी उभा होता. तागा उलगडायचा, कापड थरावर थर अंथरायचं, खडूने आखायचं, वरून कटिंगचं यंत्र फिरवायचं, आणि हे सगळं उभ्याने. "मास्तर झोपतात तरी आडवे का?" असं मशीनवरच्या बायका एकमेकींना विचारायच्या आणि मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता मात्र सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. भिंत धरून दहा-बारा पावलं टाकली की जरा सैल व्हायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर उठताना पुन्हा तेच.

शेजारच्या टेबलावरचा इस्त्रीवाला या दुखण्यातून गेलेला होता. तो म्हणाला, "पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि बसून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, दोन्ही वेळा. आणि त्या चपला आधी टाकून द्या. इतक्या झिजल्यात की फरशीची नक्षी तळव्यावर उमटत असेल."

मास्तरांनी सगळं निमूटपणे केलं. जाड तळाचे बूटही आणले. तीन आठवड्यांत कळ निम्म्यावर आली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. कारण टाच दुखायला लागल्यापासून त्यांच्या पोटात भीतीचा एक गोळा होता, आणि तो त्यांनी बायकोलाही दाखवला नव्हता.

मास्तर अकरा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. त्यांचे वडील, बस चालवणारे धिप्पाड गृहस्थ, अंगठ्याच्या जखमेसाठी इस्पितळात गेले आणि परत आले ते गुडघ्याखालचा पाय तिथेच ठेवून. पायजम्याची रिकामी नळी आई पिन लावून वर दुमडायची. वडिलांना मधुमेह होता. मास्तरांनाही सहा वर्षांपासून होता. गोळ्या आठवण झाली की घ्यायचे, तपासणीचं नाव काढलं की कामाचा डोंगर पुढे करायचे. वर्षभर पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, मग त्या यायच्या थांबल्या. थांबल्या म्हणजे बरं झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

एके दिवशी शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. दहा तास उभं राहून मास्तर घरी आले तेव्हा टाच ठणकत होती. बायको भाजी चिरत होती. त्यांनी स्वतःच पाणी तापवलं, टबात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पाय सोडून बसले. कोमटच वाटलं म्हणून आणखी एक पातेलं ओतलं. छान वाटत होतं. डोळे मिटत आले होते.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली, टबातून येणारी वाफ तिच्या तोंडावर आली. तिने सहज पाण्यात हात घातला आणि किंचाळली.

"अहो, पाय काढा! आधी पाय काढा बाहेर!"

"काय झालं?"

"पाणी उकळतंय हे! तुम्हाला कळत नाही?" तिची बोटं लालबुंद झाली होती.

मास्तरांनी पाय वर उचलले. घोट्यापर्यंत कातडी लाल झाली होती, जणू कुणी रंगात बुडवली होती. "मला तर बरं वाटतंय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिने नळाखाली पाय धरून कितीतरी वेळ गार पाणी सोडलं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला म्हणाली. ते उद्यावर ढकलत राहिले. सकाळी उजव्या पायाच्या बोटांखाली पाणी भरलेला मोठा फोड आला होता. दाबला तरी दुखत नव्हता. दुखला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"कामावर जाताना दाखवून घेतो," असं सांगून ते निघाले आणि दवाखान्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने कारखान्यात गेले. संध्याकाळी म्हणाले, "मलम दिलंय." आयुष्यात बायकोशी इतकं सरळ खोटं ते पहिल्यांदाच बोलले असतील. तीन दिवस मोजे घालून टेबलाशी उभे राहिले. कापड कापताना नजर पुन्हा पुन्हा खाली बुटाकडे जायची. दुसऱ्याच कुणाचं तरी सामान सांभाळायला दिल्यासारखा तो पाय वाटायचा. आतलं काही सांगतच नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरली. कारखान्याच्या न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि मोजा ओढला. तो चिकटला होता. फोड फुटून पिवळा झाला होता, लाली पायाच्या वरपर्यंत चढली होती. आणि वास आला. तो वास मास्तर ओळखत होते. अकरा वर्षांचे असताना वडिलांच्या खोलीच्या दारात उभं राहिलं की हाच वास यायचा.

भिंतीला टेकून ते खाली बसले. मोजा पुन्हा चढवावा, कुणाला कळणार आहे, असं एकदा मनात आलं. हात मोज्याकडे गेलाही. पण तो वास नाकातून जाईना, आणि मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"मी खोटं बोललो तुझ्याशी. दाखवलं नाही मी. तू दवाखान्याच्या दारात ये. मी एकटा आत नाही जाऊ शकत."

ती रागावली नाही, हेच मास्तरांना जास्त भीतिदायक वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि दुसऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या पायाचा तळवा समोर घेतला. त्यांच्या हातात प्लास्टिकचा बारीक, ताठ दोरा होता. "डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा."

मास्तर डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला.

"करा ना सुरू, बाई."

त्यांनी डोळे उघडले. बायको तोंडावर हात धरून उभी होती.

"दहा ठिकाणी टेकवून झालं, काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"पाय कापणार का?"

"आत्ता नाही सांगता येत. जखम कुठवर गेलीय ते बघावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाचा पाय गेलाय?"

मास्तरांनी वडिलांचं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "दवाखान्यात यायच्या आधी किती दिवस तसेच होते ते?"

मास्तरांना आठवलं. आई वडिलांचे मोजे वेगळे धूत असे, दार लावून. सगळा उन्हाळा. इतकी वर्षं त्यांना इस्पितळाची भीती वाटत आली होती. त्या उन्हाळ्याची कधीच वाटली नव्हती.

एक्स-रे होईपर्यंत ते बाकावर बायकोचा हात धरून बसले. हाड शाबूत निघालं, पण दाखल करून घेतलं. रोज सकाळी पट्टी उघडताना मास्तर छताकडे बघत आणि विचारत, "किती?" बायको म्हणे, "पाच." सहाव्या दिवशी तिला उत्तर द्यायला वेळ लागला. दुसरं बोट काळं पडलं होतं. त्याचं नखापर्यंतचं टोक काढावं लागलं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवलं. "टाचेचं दुखणं साधं आहे, खोल आतलं म्हणून ते जाणवतं. पोटऱ्या ताणा, बूट चांगले वापरा, हळूहळू जाईल. पण तुमच्या पायांना गरम-गार कळत नाही, तेव्हा शेक बंद आणि बर्फही बंद. पायाला चीर पडली, फोड आला, रंग बदलला, सूज आली, एखादी जागा गरम लागली तर त्याच दिवशी यायचं. दुखायची वाट बघायची नाही. आणि गोळ्या रोज."

"घाबरलो होतो हो," मास्तर म्हणाले.

"घाबरून यायचं होतं. तुम्ही घाबरून आला नाहीत."

जखम भरायला अडीच महिने लागले. कारखान्याच्या मालकीणबाईंनी कापणीच्या टेबलाशी उंच स्टूल आणून ठेवलं आणि मास्तर त्यावर कुरकुरत बसू लागले. इस्त्रीवाला येऊन म्हणाला, "मीच तुम्हाला घरच्या उपायांच्या नादी लावलं." मास्तर म्हणाले, "तुझी बाटली बरी होती रे. माझा पायच मला कळवत नव्हता."

आता रोज संध्याकाळी दिवा लावून बायको त्यांचे तळवे मांडीवर घेते. बोटांच्या बेचक्यात बघते, टाचेवरून हात फिरवते, कधी चष्मा पुसून पुन्हा वाकते. त्या अर्ध्या मिनिटात मास्तर तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाहीत. ती 'काही नाही' म्हणाली की मगच ते पाय खाली घेतात.