रंभाला उजळणी नको

आमच्या ज्योतीरामला एक वाईट खोड आहे. माझ्याकडून काही काढून घ्यायचं असलं की तो आधी माझं कौतुक करतो. भाकरी चांगली झाली म्हणतो, लुगडं शोभतं म्हणतो, वैनी तुमच्यासारखी बाई सबंध रहाटणीत दुसरी न्हाई म्हणतो. ही खोड मला तो सात वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. तेव्हा तो गुळाचा खडा असाच काढून घ्यायचा. ठाऊक असून मी फसले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला फार शहाणी समजून वाचायला नको.

ज्योतीराम माझा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि माझी कूस अजून उजवायची होती. त्याला न्हाऊ घातलं मी, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या मी, गोवर निघाला तेव्हा नऊ दिवस उशाशी बसले ती मीच. शाळेतही मीच घातला. मालक म्हणाले, नांगरामागं माणूस कमी पडेल. मी म्हटलं, पडू द्या. तो शिकला, पुण्याला जाऊन कंपाउंडर झाला आणि नदीपलीकडं चिंचवडच्या दवाखान्यात लागला. पांढरा कोट हातावर टाकून पवना उतरायचा, तेव्हा मी मुद्दाम अंगणात येऊन उभी राहायची. लोकांनी बघावं, हा कुणी वाढवला ते.

माझी एकुलती एक लेक रंभा. चाकणच्या अंगाला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला म्हणाला, तू गोठ्याकडच्या खोलीत राहा. मी बैलगाडी घेऊन गेले आणि लेक घेऊन आले. कुणाला जाब विचारला नाही, कुणाचं पाणी प्यायले नाही. रंभा मराठी सातवी पास आहे. घरात बसून झिजेल म्हणून ज्योतीरामनंच तिला दवाखान्यात बाटल्या आणि काचा धुवायला लावलं. हे त्याचं उपकाराचं खातं, ते मी नाकारत नाही.

काचा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हिवतापाच्या माणसाचं बोट टोचतात, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरतात, वाळवतात, त्यावर जांभळा रंग घालतात आणि दुर्बिणीखाली धरतात. ताप हिवाचा असला तर रक्तात जंतू दिसतो. रंभा म्हणायची, आये, अगदी खड्याची अंगठी असते बघ. वाळत ठेवलेल्या काचांवर माश्या बसून रक्त चाटून जायच्या, म्हणून माझी पिठाची चाळण तिनं झाकायला नेली ती परत आलीच नाही.

काच बघायचं काम खरं ज्योतीरामचं. पण त्याचा उजवा डोळा कच्चा. दुर्बिणीला जरा लावला की गळायला लागतो. मग, रंभे, जरा बघ. मग, रंभे, एवढ्या दहा बघ. असं करता करता दोन वर्षं सगळ्या काचा माझ्या लेकीनं बघितल्या आणि चोपडीत खाली सही ज्योतीरामची पडली. डाक्टरांना हे कळलं होतं. एकदा त्यांनी जुन्या वीस काचांचे नंबर पुसून तिच्यापुढं ठेवले. तिनं वीसच्या वीस बरोबर सांगितल्या, आणि एकीत डाक्टरांनाही जंतू वाटला होता तिथं म्हणाली, ह्यो जंतू न्हाई साहेब, रंगाचा गाळ हाय. गाळून न घेता वापरलाय. डाक्टर हसले म्हणे. त्या दिवसापासून ते तिला बाई म्हणायला लागले.

तर माघ महिना होता. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना चालू झाला त्याच्या पुढचं वर्ष. मी ओसरीवर ओला हरभरा सोलत बसले होते. ज्योतीराम येऊन समोर उकिडवा बसला.

"वैनी, तुमचं अक्षर अजून तसंच हाय का वो?"

"तसं म्हंजे कसं?"

"मोत्यावानी. दादा म्हणायचे, कौशल्या दुसरीच शिकली, पर तलाठ्यानं तिच्याकडनं कित्ता घ्यावा."

मालकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझं अक्षर बघितलं असेल तर उलटं धरून. तरी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"काम बोल," मी म्हटलं.

"काम कसलं. सरकारातनं पत्र आलंय. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन महिने उजळणीचा वर्ग हाय. डाक्टर म्हणत्यात, घरच्यांची हरकत नसंल तर रंभाला धाडू."

"उजळणी? कसली?"

"आता उजळणी म्हंजे काय ते तुमास्नी म्या सांगायचं? शाळंत घोकली न्हाई व्हय?"

"बे एकं बे?"

ज्योतीराम त्यावर हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. हे मला आज आठवतं. त्यानं एक घाटा उचलला आणि सोलायला लागला.

"एवढ्या घोडीला बे एकं बे?" मी म्हटलं. "सातवी पास हाय ती. पावकी, निमकी, अडीचकी झोपेत म्हणती."

"त्येच तर मलाबी वाटलं. पर सरकारी काम. आता गावात कुणी इचारलं, रंभा कुठं दिसत न्हाई, तर काय सांगायचं येवढंच बघा. नवऱ्यानं टाकली आन् आता उजळणी घोकायला गेली, असं म्हणतील. लोकांचं तोंड हाय."

नवऱ्यानं टाकली हा शब्द माझ्या दारात आजवर कुणी काढला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, दौत आण. त्यानं दौत आणली, टाक आणला, कागदही बरोबरच होता. मी माझ्या हातानं लिहिलं: डाक्टर साहेबांस. आमचे रंभास उजळणीची गरज नाही. तिला सर्व येते. कौशल्या अर्जुन, रहाटणी.

ज्योतीरामनं शाईवर हळूच फुंकर घातली. "काय अक्षर," म्हणाला, "डाक्टर बघतच राहतील."

रंभाला मी काही बोलले नाही. तिला अपमान वाटेल, कशाला सांगा, असं मला वाटलं.

महिना-सव्वा महिना गेला. एके दिवशी मंजुळा, म्हणजे ज्योतीरामची बायको, जात्याशी बसून माझ्याबरोबर दळत होती. दळता दळता म्हणाली, "आक्का, आमचा बबन आता पाव्हण्यांत मानाचा व्हनार बघा. सरकारनं पुण्याला नेलाय."

बबनराव तिचा भाऊ. दवाखान्याच्या खिडकीत बसून रोग्यांना नंबराच्या चिठ्ठ्या द्यायचा.

"कशाला नेलाय?" मी म्हटलं. "पुण्यातल्या चिठ्ठ्या संपल्या का?"

"काचा बघायला शिकवत्यात तिथं. दुर्बिणीवर. आला की त्येचीच जागा कायम."

"बबनला? त्येला बाटलीवरचं नाव वाचायचं म्हटलं तर रोगी बरा हुन घरी जातो."

"आता तिथं शिकंलच की. उजळणीचा वर्ग हाय, मोठमोठे डाक्टर येत्यात."

माझा हात खुंट्यावरच राहिला. मंजुळा बिचारी एकटीच ओढत होती, तिला कळेना जातं जड का झालं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते मी तिच्या तोंडावरून ओळखलं. मी पदर सावरला आणि तशीच पिठाच्या हातानं नदीची वाट धरली.

डाक्टर हात धूत होते. मला बघून म्हणाले, "या बाई. तुमची चिठ्ठी मिळाली होती. मला वाईट वाटलं."

"साहेब, उजळणी म्हंजे काय?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग टॉवेल ठेवला आणि मला खुर्ची दिली. म्हणाले, "ज्याला काम येतं त्यालाच या वर्गाला बोलावतात. नवीन माणसाला नाही. हिवतापाच्या कामात रोज नवं काही निघतं, तेव्हा जाणत्या माणसानं येऊन आपलं काम पारखून घ्यायचं, नवं शिकून जायचं. आमच्याकडून एकच नाव मागितलं होतं. मी रंभाबाईंचं घातलं होतं. बाईमाणूस दोन महिने पुण्यात राहायचं म्हणून घरच्यांची संमती मागितली. आधी तिला आशा लावायची आणि मग तुम्ही नाही म्हणायचं, असं नको होतं."

"आन् बबनराव?"

"ज्योतीराम म्हणाला, घरचे नको म्हणतात, जागा फुकट जाईल. मेव्हण्याला आपण दोन वर्षं हाताखाली शिकवलंय, असंही म्हणाला. मी विश्वास ठेवला. ती माझी चूक."

"आता माझ्या लेकीचं काय हुनार?"

डाक्टर म्हणाले, "वर्ग करून येईल त्याची जागा कायम होणार. दुसऱ्या माणसाला जागा नाही. चैत्र संपेपर्यंत रंभाबाई इथं आहेत."

त्यांनी फायलीतून माझी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्या वेळी आतल्या खोलीतून रंभा आली. बोटं जांभळी झालेली. माझं अक्षर ती लांबून ओळखते. तिनं उभ्यानं वाचलं.

"आये, ही तू लिवलीस?"

"मी लिवली."

ती परत आत गेली, कारण आत काचांवर रंग चढत होता आणि त्याला घड्याळ लागतं. मिनिट जास्त झालं तर काच वाया जाते, आणि काच वाया गेली की कुणा तापकऱ्याचं बोट पुन्हा टोचावं लागतं. ती रडली असती, मला वाटेल ते बोलली असती, तर मी सोसलं असतं. ती घड्याळ बघत उभी राहिली ते मला सोसवेना.

मी डाक्टरांकडं कागद मागितला. आयुष्यात मी कुणाला कमीपणा लिहून दिला नव्हता. तो दिला. लिहिलं: मागली चिठ्ठी मी उजळणी हा शब्द न कळता लिहिली. शब्द मला चुकीचा समजावला गेला. दोन वर्षे सर्व काचा रंभाने पाहिल्या, ज्योतीरामने नाही. ती पुण्यास जाण्यास राजी असेल तर आमची ना नाही. राजी असेल तर, हे तीन शब्द मी मागाहून वर घातले. आधी तिला विचारायचं, हे मला तिथं खुर्चीत बसल्यावर सुचलं.

डाक्टर म्हणाले, ते आपल्या पत्राबरोबर हे वर पाठवतील. वर्ग निम्मा झाला. दुसरा निघाला तर नाव घालतील. निघेलच असं वचन ते देऊ शकत नाहीत.

घरी येताना रंभा माझ्या पुढं चालत होती. नदीत दगडावर पाय ठेवताना मला हात द्यायला थांबली, आणि तेवढंच म्हणाली, "मला इचारायचं हुतंस, आये."

मी तिचा हात धरून पलीकडं उतरले.

ज्योतीराम अंगणात पाय धूत होता. आमच्या दोघींची तोंडं बघून त्याला सगळं कळलं. तरी तांब्या खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "वैनी, तुमच्याशी एक अक्षर खोटं बोललो असंन तर सांगा. पत्रात उजळणी लिवलं हुतं, म्या उजळणी म्हटलं. बे एकं बे तुमी म्हणाला."

"व्हय. मीच म्हटलं."

"मग? बबनच्या घरात सात तोंडं हायती. त्येला आधार कुणाचा? रंभाला तुमी हाय, ही जमीन हाय. तिला काय कमी पडणार हाय?" मग म्हणाला, "आन् खरं सांगू का, दोन महिन्यांनी पुण्याचा कागद घेऊन रंभा आली असती, तर डाक्टरांनी इचारलं असतं, मग ज्योतीराम इथं कशाला हाय?"

एवढं मात्र तो खरं बोलला. मंजुळा दारात येऊन उभी राहिली. रंभा ओसरीच्या खांबाला टेकून होती. मी त्याला अरेतुरे करत आले होते पंचवीस वर्षं. त्या दिवशी मी म्हटलं, "भावजी."

त्यानं चमकून वर बघितलं.

"भावजी, तुमी माझ्याशी खोटं बोलला न्हाई. खोटं बोलला असता तर मी धरलं असतं, मला सवय हाय. तुमी माझ्या गर्वाला हात घातला. त्यो कुठं असतो ते परक्याला घावत न्हाई, मी वाढवलेल्यालाच घावतं. लेकीचं पोट तुमी माझ्याच हातानं मारलं, आन् वर शाई वाळवायला फुंकर घातली. माझा दोष मी डाक्टरांना लिहून देऊन आले. त्यात तुमचंबी लिवलंय. जायचं आसंल तर सकाळी, कागद वर जायच्या आत, तुमीच जाऊन डाक्टरांस्नी सगळं सांगा, तेवढी वाट हाय. उद्यापासनं रंभानं बघितलेल्या काचंखाली रंभाचं नाव पडंल, तिच्या हातानं. ती तिथं चार दिस असू दे न्हाईतर चार वर्षं. आन् चूल वेगळी मांडा. भांडी हवी ती न्या, मंजुळेला न् पोरांना माझं दार उघडं हाय. तुमास्नी न्हाई. मला वैनी म्हणू नका. हाक मारायची वेळ आली तर रंभाची आई म्हणा."