लिंपलेली हिरवळ

जांबोटीचं घर सोडून अक्काताई बेळगावात सून तेजस्वीकडे राहायला आल्या. इथे आपल्याला कामच नाही, हे त्यांना खुपत होतं.

त्या दिवशी तेजस्वीने अंगणातल्या घट्ट झालेल्या हिरवळीत बागकामाच्या काट्याने भोकं पाडली आणि ती त्यांत भरायला वाळू आणि शेणखत आणायला गेली. परतली तेव्हा अक्काताईंनी लाल माती कालवून सगळी भोकं लिंपली होती.

"उंदरांनी लई पोखरलं हुतं गं. बुजवून टाकलं."

"आत्या, ती मीच पाडली होती. मुळांना हवा लागावी म्हणून."

अक्काताईंचा चेहरा उतरला. "मी गावाकडंच बरी."

तेजस्वीने पुन्हा काटा उचलला. "मग ही वाळू आणि शेणखत कोण चाळणार? माझ्या हातात चाळण फिरत नाही."

"एवढी शिकलीस आन् चाळण फिरत न्हाय व्हय?" म्हणत अक्काताईंनी पदर खोचला.