शुद्ध केलेली बासरी

येलदरीचं धरण बघायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरला आमचे संस्थाध्यक्ष दत्तराव यांनी कॉलेजात आणून हार घातला. जाताना त्यानं आपली बासरी भेट दिली. मुळाकडचा जाड बांबू, भोकं पाचच. ती उभी धरायची आणि रिकाम्या बाटलीवर फुंकतात तशी वरच्या तासलेल्या काठावर फुंकायची.

निम्म्या प्राध्यापकांनी पानाच्या तोंडानं फुंकून पाहिली. थुंकी तेवढी निघाली. संगीताचे लिंबाजी वाव्हळ सर मात्र उन्हाळाभर झटत राहिले. "आतून लाल रोगण दिलंय," ते सांगत. "कुठं जाड, कुठं केसभर पातळ. सूर त्या रोगणात हाय." एक दिवस तो लागला. खोल, किंचित घोगरा. स्टाफरूममधला चहा निवून गेला. गोकुळाष्टमीला हीच वाजवायची, एवढं एकच सरांच्या डोक्यात राहिलं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कॉलेजात कुणी कुणाला जात विचारत नसे. सगळ्यांना माहीतच होती.

अष्टमीच्या आदल्या दिवशी समतेवर भाषण करून दत्तराव खाली उतरले आणि शिपाई भुजंगला म्हणाले, "बासरी आधी देवापुढं ठेवायची हाय. त्या जपान्याची उष्टी, वर ह्या वाव्हळांची. जरा शुद्ध करून आण."

"पितळंवानी घासू का, मालक?"

"घास की. आतून बी."

शेजारी समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी मान डोलावली. पानाच्या थुंकीचा विषय निघाला नाही.

भुजंगनं चिंच-राख लावली, सळईला काथ्या गुंडाळून आतून खरवडलं आणि बासरी गोमूत्रात बुडवून ठेवली.

अष्टमीला तसबिरीपुढची बासरी दत्तरावांनी भरल्या हॉलसमोर स्वतः सरांच्या हाती दिली. सरांनी फुंकली. नुसतं फुस्स. पुन्हा फुस्स, आणि पहिल्या रांगेपर्यंत वास. सरांनी ती उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"भुजंग, आतलं रोगण?"

"लय लाल घाण निघाली, सर. आता लख्ख हाय."

"वाजवा की," दत्तराव हसत म्हणाले. "आता एकदम शुद्ध हाय."

सरांनी रुमालानं ओठ पुसले, सावकाश, दोनदा. बासरी दत्तरावांच्या हातात ठेवली.

"तुमीच फुंका, अध्यक्ष. आता माझ्या तोंडाला ही चालत न्हाई."

माईक चालू होता. दत्तरावांनी बासरी ओठांकडे नेली. ती आत्ताच कुणी फुंकली, हे त्यांना आठवलं असावं. बासरी नाकापाशी थांबली, आणि तिथं तर गोमूत्र होतं.