दोन चंद्रांची सोयरीक

सरकारने ईदची सुट्टी सोमवारी जाहीर केली, तेव्हाच प्रिन्सेस टाउनच्या नफीझाने पेनाल गावच्या झैबून आंटीला सोमवारी जेवायला बोलावून टाकलं. आंटीचा रियाद आणि नफीझाची शलीमा यांनी आपलं आपणच जमवलं होतं. राहिला होता फक्त आंटीचा होकार. आणि आंटी म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकात खोट काढायला बसलेलीच बाई. नफीझाने कंबर कसली. बदकाची करी झाली, पराठे तव्यावरच फोडून मऊ करून झाले, दुधातल्या शेवयांत मूठभर बेदाणे पडले.

सकाळची नमाज आणि गळाभेटी उरकून सगळे नव्या कपड्यांत वाट बघत बसले. अकराला मायलेक आले ते रोजच्या कपड्यांत, ओठ सुकलेले. रियाद तर शलीमाच्या नजरेला नजर देईना.

आंटीने टेकता टेकताच सांगितलं. त्यांच्या मशिदीत डोळ्यांनी चंद्र दिसल्याशिवाय ईद नाही, काल पेनालवर ढग होते, त्यामुळे आज त्यांचा तिसावा रोजा. शब्द दिला होता म्हणून तेवढ्यापुरते आले.

नफीझाच्या पायाखालची जमीन सरकली. तिची मशीद हिशोब करून वर्षभर आधीच ईद ठरवणारी, आणि घरभर बदकाचा घमघमाट. ती हळूच ताटं उचलायला लागली.

"ठेव ती खाली," आंटी म्हणाली. "तुमची आज ईद. ईदला उपाशी राहणं हराम. जेवा."

परीक्षकासमोर बसल्यासारखे सगळे जेवायला बसले. नफीझाच्या नवऱ्याला, शफीकला, पहिल्याच घासाला ठसका लागला. शलीमाला हसू फुटलं, ते रियादला लागलं, मग कुणालाच आवरेना. आंटीचा चेहरा मात्र ढिम्म.

पण ती उठायचं नाव घेईना. सोफ्यावर दोन तास घोरली, नमाज पढली, मग स्वयंपाकघरात शिरून शेवयांचं झाकण काढून नुसता वास घेतला आणि म्हणाली, वेलची कमी आहे. नफीझाने दिवसभरात चार वेळा मनातल्या मनात लग्न मोडून पाहिलं.

सव्वासहाला अजान झाली. आंटीने खजूर खाल्ला, शेवयांची एक वाटी संपवली. मग दुसरी. मग तिसरी मागून घेतली. खिडकीबाहेर आंब्यावर नखाएवढा चंद्र आला होता.

"वेलची कमीच आहे," आंटी म्हणाली. "उद्या आमची ईद, सगळे या. आणि शलीमाला सांग, पुढच्या वर्षीपासून तिला दोनदा शेवया कराव्या लागतील. एक दिवस इथे, दुसऱ्या दिवशी माझ्या घरी."

नफीझाला कळायला एक क्षण लागला. मग आनंदाने रडू फुटून तिने आंटीला गच्च मिठी मारली आणि सोडेचना.

"अगं सोड," आंटी म्हणाली. "वाटी सांडेल."